समाजकार्य : दयेपासून हक्कापर्यंत

दुःखिताच्या मदतीला धावून जाण्याची प्रेरणा मानवी समाजाइतकीच जुनी आहे. अन्नछत्रे, पाणपोया, धर्मशाळा, अनाथाश्रम ही या प्रेरणेची दृश्य रूपे आपल्याकडे गावोगाव आढळतात. तथापि मदत करण्याची इच्छा असणे आणि मदत करता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. भुकेल्याला आजचे जेवण देणारा दाता पुण्यवान खरा. परंतु तो माणूस उद्या पुन्हा उपाशी का राहणार आहे, हे दात्याने विचारलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नसते. समाजकार्य या शास्त्राचा प्रारंभ नेमका या प्रश्नापासून होतो.

निराधारांना अनुदान, वृद्धांना निवृत्तिवेतन, बालकांना पोषक आहार, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, अपंगांना साधने अशा शासकीय कल्याण योजनांची यादी आज मोठी आहे. तरीही ज्याच्यासाठी योजना आखली त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही, किंवा पोहोचली तरी त्याचे परावलंबित्व कमी होत नाही, असा अनुभव अनेकदा येतो. योजना आणि माणूस यांच्यामधील हे अंतर कोणत्या तत्त्वांनी व कोणत्या पद्धतीने पार करता येते, हे समजून घेणे प्रत्येक कार्यकर्त्यास व नागरिकास उपयुक्त ठरावे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण आपल्याकडे विसाव्या शतकात सुरू झाले; परंतु त्याची वैचारिक भूमी त्यापूर्वीच नांगरली गेली होती. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना दोष देऊन समाज मोकळा होत असताना या दांपत्याने दोष त्या स्त्रीत पाहिला नाही. तिला दुसरा मार्गच न ठेवणाऱ्या रूढीत पाहिला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. या दोन्ही प्रयत्नांत विधवेला केवळ आसरा देऊन न थांबता तिच्या हाती शिक्षण देण्यावर भर होता.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना उत्तेजन दिले. शिकू इच्छिणाऱ्या खेड्यातील मुलाची खरी अडचण शाळेच्या फीइतकीच राहण्याजेवण्याचीही असते, हे त्यांनी अचूक हेरले होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ मध्ये मुंबईत उभे राहिले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना करून गिरणगावातील कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि दयेची भाषा पूर्णपणे बाजूस सारून हक्काची भाषा प्रचारात आणली.

या साऱ्या प्रयत्नांत एक समान सूत्र आहे. दुःखाचे कारण केवळ व्यक्तीच्या दैवात किंवा स्वभावात न शोधता ते समाजाच्या रचनेत शोधावे, आणि पीडिताला भिक्षेऐवजी सामर्थ्य द्यावे, हे ते सूत्र होय.

शास्त्राची जडणघडण

पाश्चात्त्य देशांत हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरीबविषयक कायद्याने निराधारांची जबाबदारी त्या त्या पॅरिशवर, म्हणजे स्थानिक धर्मविभागावर टाकली आणि त्यासाठी कर बसविला. शासनाने गरिबांची जबाबदारी मान्य केली, ही त्या कायद्याची जमेची बाजू. परंतु १८३४ मध्ये त्यात झालेल्या बदलानंतर सशक्त गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये भरती व्हावे, आणि तेथील जीवन बाहेरील सर्वांत हलक्या मजुराच्या जीवनापेक्षाही कष्टाचे असावे, असे धोरण स्वीकारले गेले. मदत मागणे हाच जणू अपराध ठरला.

लंडनमध्ये १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. विस्कळीतपणे चाललेल्या दानधर्माला शिस्त लावावी, गरजू कुटुंबाला भेट देऊन चौकशी करावी आणि मगच मदत द्यावी, अशी तिची रीत होती. या चौकशीत नैतिक परीक्षकाचा सूर बराच असे. तथापि प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र विचार करण्याची सवय येथूनच लागली. अमेरिकेतील अशाच संस्थांत काम केलेल्या मेरी रिचमंड यांनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले. वैद्य जसा लक्षणांवरून निदान करतो, तसे कार्यकर्त्याने कुटुंब, शाळा, मालक, डॉक्टर, शेजारी यांच्याकडून पुरावा गोळा करून सामाजिक निदान करावे, असा त्यांचा आग्रह होता.

दुसरा प्रवाह वस्तीत राहून काम करण्याचा. पूर्व लंडनमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल आणि शिकागो येथे १८८९ साली हल हाऊस ही केंद्रे सुरू झाली. सुशिक्षित तरुणांनी गरीब वस्तीत बिऱ्हाड करावे, तेथील लोकांचे शेजारी व्हावे आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रश्न सोडवावेत, ही त्यामागील कल्पना. हल हाऊसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जेन ॲडम्स यांना पुढे १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कारखान्यातील बालमजुरी, अस्वच्छ घरे, कामाचे तास या प्रश्नांवर कायदे व्हावेत यासाठी या केंद्रांनी लढा दिला.

एक प्रवाह व्यक्तीकडे पाहणारा, दुसरा परिस्थितीकडे पाहणारा. या दोहोंचा मेळ घालणे हेच समाजकार्याचे मुख्य आव्हान आजतागायत राहिले आहे.

मुंबईशी या दुसऱ्या प्रवाहाचा थेट संबंध आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन कार्यकर्त्याने १९२० नंतरच्या दशकात नागपाड्यातील दाट कामगार वस्तीत ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केले. त्या अनुभवातून, सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने, १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था नागपाड्यातच उभी राहिली. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मुंबईत निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय १९५५ मध्ये आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली आणि औषधाबरोबरच रुग्णाच्या घरच्या परिस्थितीचाही विचार झाला पाहिजे, हे तत्त्व रुग्णालयाच्या कारभारात मान्य झाले.

कार्यकर्त्याची आचारतत्त्वे

फेलिक्स बिस्टेक या अमेरिकन अभ्यासकाने १९५७ साली व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे मांडली. ती आजही जगभर शिकविली जातात. प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण ओळखणे, तिला आपल्या भावना मोकळेपणी व्यक्त करू देणे, कार्यकर्त्याने स्वतःच्या भावनांवर संयम ठेवून सहभागी होणे, व्यक्तीचा ती आहे तशी स्वीकार करणे, तिच्या वर्तनाचा न्यायनिवाडा न करणे, तिचा स्वयंनिर्णयाचा अधिकार मानणे आणि तिने सांगितलेले गुप्त ठेवणे, ही ती तत्त्वे होत.

वाचताना सोपी वाटणारी ही तत्त्वे आचरणात अतिशय कठीण आहेत. दारूच्या आहारी गेलेला माणूस समोर बसला की उपदेश ओठांवर येतोच. परंतु उपदेश त्याने आजवर घरच्यांकडून, गावकऱ्यांकडून पुष्कळ ऐकलेला असतो. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा मात्र त्याला क्वचितच भेटलेला असतो. स्वीकार करणे म्हणजे दारूचे समर्थन करणे नव्हे. माणूस आणि त्याची सवय यांत फरक करणे, हा त्याचा अर्थ. गोपनीयतेचेही तसेच. शहरात एखाद्याची हकिगत सहज झाकून राहते. खेड्यात कार्यकर्ती कोणाच्या ओसरीवर किती वेळ बसली हेसुद्धा चर्चेचा विषय होते. म्हणून भेट कोठे घ्यावी, कोणासमोर काय विचारावे, याचाही विचार येथे तत्त्वाचाच भाग ठरतो.

स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाला मर्यादाही आहेत. बालकाच्या जिवाला धोका असेल, अथवा एखाद्याच्या निर्णयाने दुसऱ्याचे नुकसान होणार असेल, तर कायद्याने ठरविलेली कारवाई करणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते. मर्यादा कोठे सुरू होते हे ओळखण्यासाठीच प्रशिक्षणाची व अनुभवी पर्यवेक्षकाच्या मार्गदर्शनाची गरज असते.

व्यक्तिसहाय्य कार्य : एक उदाहरण

तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात हे पाहण्यासाठी एक काल्पनिक, परंतु ग्रामीण भागात नेहमी आढळणाऱ्या स्वरूपाचे उदाहरण घेता येईल. एका शेतमजूर स्त्रीच्या पतीचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले आहे. घरात सत्तरी ओलांडलेली सासू, तेरा वर्षांची मुलगी व आठ वर्षांचा मुलगा आहे. सासूला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मुलीने सातवीतून शाळा सोडली आहे. स्त्री कार्यकर्तीपाशी येते ती केवळ एवढेच सांगत, “ताई, काहीतरी पैशांचं बघा.”

दानाची रीत येथे थोडी रक्कम देऊन संपते. कार्यालयीन रीत अर्जाचा नमुना हाती देऊन संपते. समाजकार्याची रीत अभ्यासापासून सुरू होते. घरी एकदोन भेटी दिल्यावर कार्यकर्तीच्या ध्यानात येते की, पतीच्या मृत्यूची नोंदच झालेली नाही. नोंद नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज पुढे सरकत नाही. एक वर्ष उलटल्यावर मृत्यूची नोंद करावयाची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, हे त्या स्त्रीला ठाऊक असण्याचे कारण नाही. दोनदा तालुक्याला जाऊन ती परत आली, दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि तिने तो नाद सोडला. मुलगी शाळेत जात नाही, कारण आई कामावर गेल्यावर आजीला सांभाळावयास कोणी नाही.

आता निदान स्पष्ट होते. पैशांची चणचण ही तक्रार खरी. पण तिच्या मुळाशी न झालेली एक नोंद आणि आजीचे न दिसणारे डोळे आहेत. त्यानुसार आराखडा आखावयाचा तो त्या स्त्रीच्या विचाराने. प्रथम मृत्यूच्या नोंदीचे काम. त्यानंतर निराधार अनुदानाचा अर्ज. सासूसाठी श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाची चौकशी. सासूच्या डोळ्यांची शासकीय रुग्णालयात तपासणी. मुलीसाठी शाळेतील शिक्षकांशी बोलणे. सासूला मोतीबिंदू असेल आणि शस्त्रक्रियेने दिसू लागले, तर मुलीच्या शाळेचा मार्ग आपोआप मोकळा होतो. शिक्षणाचा प्रश्न आरोग्याच्या दाराने सुटू शकतो तो असा.

यांपैकी कोणते काम कोणी करावयाचे, हेही महत्त्वाचे. पहिल्या खेपेस कार्यकर्ती तालुक्याला बरोबर जाते, कोणत्या टेबलाशी काय विचारावे ते दाखविते. दुसऱ्या खेपेस ती स्त्री एकटी जाते आणि पोचपावती मागून घेते. ही पोचपावती मागण्याची हिंमत हे या साऱ्या प्रक्रियेचे एक मोठे फलित आहे. अभ्यास, निदान, आराखडा, कृती, मूल्यमापन आणि शेवटी कार्यकर्तीने योग्य वेळी बाजूस होणे, असे व्यक्तिसहाय्य कार्याचे टप्पे सांगितले जातात. यांतील अखेरचा टप्पा सर्वांत दुर्लक्षिला जातो. कार्यकर्त्याविना पाऊल न उचलणारे कुटुंब मागे ठेवणे, हे अर्धेच काम होय.

गट आणि समुदाय

काही प्रश्न एकेका कुटुंबात सुटत नाहीत. वरील उदाहरणातील स्त्रीसारख्या दहाबारा स्त्रिया एकाच गावात असतील, तर त्यांचा गट बांधणे अधिक फलदायी ठरते. आपल्यासारखीच अडचण दुसरीलाही आहे, हे कळल्याने एकटेपणाची भावना कमी होते. एकीला मिळालेली माहिती दहाजणींची होते. हेच गटकार्य. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने पुढे बचत गटांचे जे काम राज्यात उभे केले, त्यातही बचतीच्या रकमेइतकेच महत्त्व गटात एकत्र बसून निर्णय घेण्याच्या सवयीला आहे.

संपूर्ण गावाचा किंवा वस्तीचा प्रश्न असेल तेथे समुदाय संघटनाची पद्धती लागते. पाण्याची टाकी कोठे बांधावी हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु टाकी कोणत्या आळीत बांधली जाते आणि कोणत्या वस्तीला नळ शेवटी मिळतो, यात गावातील जातींची व सत्तेची सारी रचना उघडी पडते. येथे कार्यकर्त्याने सभेत कोण बोलले याबरोबरच कोण बोलले नाही, याचीही नोंद ठेवावी लागते. या तीन पद्धतींना सामाजिक संशोधन, समाजकल्याण प्रशासन आणि सामाजिक कृती यांची जोड मिळाली म्हणजे समाजकार्याच्या सहा पद्धती पूर्ण होतात.

कल्याणव्यवस्थेच्या दोन कल्पना

कार्यकर्ता कितीही कुशल असला तरी देण्याजोगे काही व्यवस्थेतच नसेल, तर त्याचे हात रिकामे राहतात. म्हणून कल्याणव्यवस्थेचा विचार आवश्यक ठरतो. विलेन्स्की व लेबो या अभ्यासकांनी १९५८ साली कल्याणाच्या दोन कल्पनांत फरक केला. पहिल्या कल्पनेनुसार कुटुंब व बाजार हे दोन्ही आधार तुटले तरच शासनाने तात्पुरता हात द्यावा. दुसऱ्या कल्पनेनुसार आजार, वार्धक्य, बेकारी हे आधुनिक जीवनातील नेहमीचे धोके असून त्यांपासून संरक्षण ही समाजाची नित्याची जबाबदारी आहे. जर्मनीत १८८३ पासून आलेले सामाजिक विम्याचे कायदे आणि ब्रिटनमधील १९४२ चा बेव्हरिज अहवाल ही या दुसऱ्या विचाराच्या वाटेवरील महत्त्वाची ठिकाणे होत.

भारताच्या राज्यघटनेने आपला कल स्पष्ट केला आहे. अनुच्छेद ३८ लोककल्याणासाठी न्याय्य समाजव्यवस्था निर्माण करण्यास राज्याला सांगतो. अनुच्छेद ४१ बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांत सार्वजनिक सहाय्याचा उल्लेख करतो. अनुच्छेद ४६ अनुसूचित जाती, जमाती व दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा निर्देश देतो. ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येत नसली, तरी देशाच्या शासनकारभारात ती मूलभूत आहेत, असे अनुच्छेद ३७ सांगतो. दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व स्वयंसेवी संस्थांना शासकीय अनुदानाची वाट खुली झाली. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये आणि राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला.

महाराष्ट्राने या वाटचालीत घातलेली मोलाची भर म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली ही योजना १९७२ च्या भीषण दुष्काळात आकारास आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या करातून खेड्यातील मजुराला काम मिळावे, अशी ही रचना होती. दुष्काळी कामे पूर्वीही निघत. पण ती केव्हा काढावयाची ते सरकार ठरवी. या कायद्याने मजुराने मागणी करावी आणि शासनाने काम द्यावे, असा क्रम उलटा केला. पुढे २००५ साली देशाने केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

कायद्यात कार्यकर्त्याचे स्थान

दया, शिक्षा आणि हक्क या तीन दृष्टींतील फरक कायद्यांतही दिसून येतो. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. भीक मागणाऱ्यास पकडून संस्थेत ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील भीक मागण्यास गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. ज्याला जगण्याचे अन्य साधन उरले नाही त्याला त्याबद्दल शिक्षा करता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

याउलट, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यासमवेत दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात व त्यांपैकी किमान एक स्त्री असते. बालकाने काय केले याबरोबरच ते कोणत्या परिस्थितीत केले, हे सामाजिक तपासणी अहवालातून मंडळासमोर येते. मेरी रिचमंड यांनी मांडलेले सामाजिक निदान असे कायद्याच्या प्रक्रियेचाच भाग झाले. मुंबईत १९८४ साली पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला तक्रार कोठे व कशी नोंदवावी हे सांगणारी, तिच्यावर निर्णय न लादता तिच्या पाठीशी उभी राहणारी प्रशिक्षित कार्यकर्ती पोलीस यंत्रणेतच उपलब्ध झाली. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यानंतर एकवीस वर्षांनी, २००५ मध्ये आला. प्रत्यक्ष कामातून आलेला अनुभव पुढे कायद्याची गरज कशी सिद्ध करतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्रशिक्षित समाजकार्यकर्ता प्रत्येक गावात असणे अवघड आहे. परंतु अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, ग्रामसेवक, शिक्षक, तलाठी यांच्याकडे गरजू माणूस रोज येत असतो. आलेल्याचे पूर्ण ऐकून घेणे, मागितलेल्या गोष्टीमागील गरज शोधणे, त्याची हकिगत चारचौघांत न उघडणे, अर्ज नाकारला गेला तर का नाकारला ते त्याला समजेल अशा भाषेत सांगणे आणि जे तो स्वतः करू शकेल ते त्याला करू देणे, एवढ्या पाच गोष्टी पाळण्यासाठी पदवीची अट नाही. या गोष्टी पाळल्या गेल्या तर राज्यघटनेतील कल्याणाचे वचन तालुक्याच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल, आणि ते घेताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही.